सोबा आणि ओकिनावा सोबा: नाव एक, पीठ वेगळं

मध्य जपानमधल्या नागानोत 'सोबा' मागवलात आणि दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवर 'सोबा' मागवलात, तर पुढ्यात दोन्हीकडे शेवयाच येतात, पण ते दोन पदार्थ एका कुळातले नसतात. जपानला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर हा घोटाळा महागात पडू शकतो.

नागानोचा सोबा कुट्टूच्या पिठाचा. उत्तर भारतात नवरात्रात ज्याच्या पुऱ्या करतात, तोच कुट्टू. त्यात ग्लुटेन नसतं, पीठ नीट धरत नाही आणि शेवई पटकन तुटते. म्हणून बहुतेक ठिकाणी थोडं गव्हाचं पीठ मिसळतात. आठास दोन या प्रमाणाला 'निहाची' म्हणतात, निव्वळ कुट्टूच्या सोब्याला 'जूवारी'. पाटीवर जूवारी दिसला तर तोच घ्या, आणि थंडच घ्या. गरम रश्श्यात कुट्टूचा वास हरवतो. शरद ऋतूत नव्या पिकाचा सोबा येतो, तेव्हा तर नक्कीच.

नागानोतल्या तोगाकुशीत बांबूच्या गोल सुपलीवर शेवयांच्या लहान लहान जुड्या ओळीने मांडून देतात. एका वेळी थोड्याच उचलायच्या, 'त्सुयू'च्या, म्हणजे सोया सॉस घातलेल्या खारट रश्श्याच्या, वाटीत जराशा बुडवायच्या आणि खुशाल आवाज करत ओढायच्या. खाऊन झालं की लगेच उठू नका. शेवया उकडलेलं पाणी, म्हणजे 'सोबायू', टेबलावर येतं. पेजेसारखं पांढुरकं, गरम. ते उरलेल्या त्सुयूत ओतून प्यायचं. जेवणातला मला सगळ्यात आवडणारा घोट तोच.

ओकिनावा सोब्यात मात्र कुट्टू नसतोच. शेवया पूर्ण गव्हाच्या, जाडसर, दाताला चांगल्या लागणाऱ्या. पापडाच्या पिठात आपण पापडखार घालतो, तसं इथे खाराचं पाणी घालून पीठ मळतात. पूर्वी लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी वापरत. घडणीने हा रामेनचा भाऊबंद. रस्सा डुकराच्या हाडांचा आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा, वर डुकराचं मऊ शिजवलेलं मांस. बरगडीचे तुकडे असतील तर तो 'सोकी सोबा'.

मग याला सोबा का म्हणायचं, हा प्रश्न जपानमध्येही उठला होता. ओकिनावा 1972 मध्ये अमेरिकेच्या ताब्यातून जपानकडे परत आलं आणि 1976 मध्ये जपानच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली: सोबा म्हणायचं तर निदान 30 टक्के कुट्टू हवा. ओकिनावातले शेवया बनवणारे हटले नाहीत. अखेर 17 ऑक्टोबर 1978 रोजी 'होनबा ओकिनावा सोबा' या नावाला मान्यता मिळाली, आणि 17 ऑक्टोबर हा तिथे सोब्याचा दिवस झाला. मला त्यांचं म्हणणं पटतं. पिढ्यानपिढ्या घरात जे नाव रुळलंय ते कोण सोडेल?

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे जपून. थंड सोबा दिसायला निरुपद्रवी असला तरी त्सुयूत सहसा बोनिटो असतोच. कुट्टूची ॲलर्जी असेल तर ओकिनावा सोबा चालू शकतो, पण त्याच भांड्यात साधा सोबाही उकडतात का, ते विचारूनच घ्या. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी मात्र ओकिनावा सोब्याच्या वाटेला जाऊ नये; जूवारी खातानाही त्सुयूतल्या सोया सॉसमध्ये गहू असतो, हे लक्षात ठेवावं.

आणि ओकिनावात टेबलावर मिरच्यांची छोटी बाटली दिसेल, ती 'कोरेगूसू'. मिरच्या आवामोरी या तिथल्या दारूत मुरवलेल्या असतात. दोन थेंबांत रस्सा खुलतो, पण जेवणानंतर गाडी चालवायची असेल तर ती बाटली बाजूलाच ठेवा.