वारा एका तारेवर, उजेड दुसऱ्या

संगणकाच्या कॅबिनेटमधल्या दिव्यांच्या पंख्याचा वेग कमी केला की त्याचा उजेडही मंदावतो, हे वापरणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते. रात्री उजेड नको म्हणून पंख्याची पिन काढावी, तर वाराही बंद होतो आणि आतले भाग तापू लागतात. या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. साध्या तीन तारांच्या पंख्यात मोटर आणि एलईडी यांना वीज पुरवणारी तारांची जोडी एकच असते, त्यामुळे एकाला जे मिळते तेच दुसऱ्याला मिळते. स्वतःच्या आवडीने संगणक जुळवणारे लोक पंख्यात नाना प्रकारचे बदल करतात. त्यांपैकी वारा आणि उजेड यांची ही फारकत मला सर्वांत उपयोगाची वाटते. रंग बदलणे किंवा पात्यांच्या कडा उजळवणे ही कामे त्यानंतरची.

वेग कमी करण्याची गरज का पडते, ते आधी पाहू. पंख्याने ढकललेल्या हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या वेगाबरोबर सरळ वाढते, हवेचा दाब वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाबरोबर वाढते. म्हणजे वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण शक्ती एक अष्टमांशच लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. संगणकाला फारसे काम नसताना हा सौदा फायद्याचा असतो, म्हणून १२ व्होल्टच्या पंख्याला ७ व्होल्ट देऊन तो शांतपणे फिरवण्याची पद्धत जुनी आहे. मोटर ७ व्होल्टवर बिनतक्रार फिरते. एलईडीला मात्र एका ठरावीक व्होल्टेजखाली प्रकाश देताच येत नाही.

अशा पंख्याच्या मोटरला ब्रश नसतात. पाती ज्या वाटीला जोडलेली असतात तिच्या आतल्या बाजूने चुंबकाचे कडे बसवलेले असते आणि मधल्या स्थिर भागावर तांब्याच्या तारेच्या सहसा चार गुंडाळ्या असतात. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला आहे हे एक बारीक संवेदक ओळखतो आणि त्यानुसार गुंडाळ्यांमधला प्रवाह बदलला जातो. हा संवेदक ज्या परिणामावर चालतो तो एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. याच संवेदकामुळे पंख्याची तिसरी तार मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीला, दर फेरीमागे दोन ठोके पाठवते आणि त्यांवरून वेग मोजला जातो. एलईडीचा या सगळ्या व्यवस्थेशी काहीही संबंध नसतो. तो शेजारी बसून त्याच विजेवर जळत असतो. त्यामुळे त्याला बाजूला काढले तरी मोटरला काही फरक पडत नाही.

पंखा उघडण्याचे काम नाजूक आहे, पण अवघड नाही. मागचे लेबल हलकेच सोलले की त्याखाली काही पंख्यांत एक लहान रबरी बूच असते आणि त्याखाली आसाच्या टोकाला अडकवलेले, एका बाजूने चिरलेले नायलॉनचे वॉशर दिसते. टोकदार चिमट्याने त्याची चीर थोडी फाकवून ते वर उचलावे लागते आणि सुटताना ते हमखास उडते, म्हणून मी हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतो. ते वॉशर हरवले तर पाती पुन्हा जागेवर टिकत नाहीत. वॉशर निघाल्यावर पाती पुढच्या बाजूने ओढली की चुंबकाची पकड जाणवते आणि मग वाटी अलगद सुटते. ज्या पंख्यांचे बेअरिंग पूर्णपणे बंद केलेले असते त्यांच्याशी झटापट करू नये. तिथे पाती न काढता बाहेरूनच तारा गाठाव्यात.

या तारा शोधणे सोपे आहे. मधल्या भागाला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्यांपैकी एकीच्या खोबणीतून मोटरच्या मुख्य तारा बाहेर पडतात, तर दोन केसाएवढ्या बारीक तारा वेगळ्या वाटेने चौकटीच्या कोपऱ्यांतील एलईडींकडे जातात. मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज आणि जोडणी तपासणाऱ्या मीटरने, खात्री करून या बारीक तारा मधल्या भागाजवळ कापायच्या, त्यांना नव्या तारा जोडायच्या आणि त्या स्विचमार्गे एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, १२ व्होल्टला न्यायच्या, एवढेच मुख्य काम. सोल्डरिंग शक्यतो चौकटीपासून दूर धरून करावे. शिसे आणि कथिल यांचे नेहमीचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते, आयर्नचे टोक तर ३०० अंशांच्याही वर असते, आणि ॲक्रिलिकसारखे पारदर्शक प्लास्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. जोड झाल्यावर त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी. एलईडी जागेवर बसवताना झटपट चिकटणारा सुपरग्लू टाळावा, कारण त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरका थर धरते आणि तो सहजासहजी निघत नाही.

इथे रंगांचा एक धोका आहे आणि तो नीट सांगायला हवा. एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि काळ्या दोन्ही शून्याच्या असतात. तीन तारांच्या पंख्यात मात्र सहसा लाल तार १२ व्होल्टची असते आणि पिवळी तार वेगाचे ठोके पाठवणारी. केवळ पिवळ्याला पिवळी जोडली तर ठोके पाठवणाऱ्या नाजूक भागावर सरळ १२ व्होल्ट येतात. म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार मीटरने तपासावी. दुसरी गोष्ट, मदरबोर्डवरची पंख्याची जोडणी सहसा १ अँपिअरपर्यंतच प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, पण एसएमपीएसची १२ व्होल्टची वाट कितीतरी अँपिअर देऊ शकते. तिथे चुकून शॉर्टसर्किट झाले तर बारीक तार क्षणात लालबुंद होते. एलईडींना लागणारा प्रवाह काही दशांश अँपिअरच्याही आत असतो. तेव्हा अर्ध्या अँपिअरचा फ्यूज त्या वाटेवर बसवणे मी अत्यावश्यक मानतो.

आता रंगबदलाचे गणित. एलईडीला स्वतःचा प्रवाह आवरता येत नाही. व्होल्टेज थोडेसे वाढले की प्रवाह झपाट्याने वाढतो, आणि म्हणून त्याच्यासोबत रेझिस्टर लागतो. निळ्या एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट पडतात. १२ मधून ते वजा केले की ८.८ उरतात, आणि २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी ४४० ओहम लागतात. बाजारात मिळणारा त्याजवळचा रेझिस्टर ४७० ओहमचा. त्यातून जवळपास १९ मिलिअँपिअर वाहतात आणि त्यात वाया जाणारी शक्ती एक षष्ठांश वॅटच्या आसपास असते, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. हाच एलईडी ७ व्होल्टवर सुमारे ८ मिलिअँपिअर घेतो, म्हणून मंद का होईना, पण जळतो. काही ठिकाणी मात्र तीन निळे एलईडी एकापुढे एक अशा माळेत १२० ओहमच्या एकाच रेझिस्टरसह बसवलेले असतात. तिघांना मिळून ९.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे ७ व्होल्टवर ती माळ जवळजवळ विझतेच. शिवाय त्याच माळेत कोणी निळ्यांच्या जागी लाल एलईडी बसवले तर प्रत्येकावर २ व्होल्टच पडतात, रेझिस्टरवर ६ व्होल्ट येतात आणि प्रवाह ५० मिलिअँपिअरवर जातो. सुरुवातीला असा पंखा फार छान उजळतो, आणि त्याच उजेडात एलईडीचे आयुष्य भराभर संपत असते. लाल माळेसाठी रेझिस्टर बदलून ३३० ओहमचा घ्यावा. एलईडी बसवताना लांब पाय धनाकडे येतो. पाय कापलेले असतील तर कडेची सपाट बाजू ऋणाची खूण सांगते.

डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनयाक यांनी १९६२ साली तयार केला होता. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी त्यानंतर तीन दशके लागली आणि त्या कामाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडीही बहुधा निळाच असतो. त्यावरचा पिवळसर लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग बदलून उरलेल्या निळ्यात मिसळतो. निळा पंखा दिवसा सौम्य वाटतो आणि रात्री डोळ्यांत खुपतो, याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. भरपूर उजेडात आपली नजर ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असते आणि ४७० नॅनोमीटरच्या निळ्याला तिच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी दाद देते. अंधारात मात्र डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी काम हाती घेतात आणि त्यांची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्याच्या जवळ सरकते. पंख्याच्या दिव्यांना वेगळा स्विच हवा असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

चौकटीतल्या प्लास्टिकचे वागणे हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे १.४९ आहे आणि त्यामुळे त्यातून हवेत जाऊ पाहणाऱ्या प्रकाशाचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. याहून तिरप्या कोनातून पृष्ठभागावर आदळणारा किरण बाहेर पडतच नाही, पूर्णपणे आत परावर्तित होतो आणि काठाकाठाने पुढे जात राहतो. म्हणूनच गुळगुळीत पारदर्शक चौकट मध्ये काळोखी दिसते आणि एलईडीजवळ चार झगझगीत ठिपके तेवढे दिसतात. आता त्या चौकटीच्या आतल्या कडेवरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल फिरवावा. पृष्ठभाग बारीक खरबरीत झाला की तिथे आदळणारे किरण निरनिराळ्या कोनांतून विखुरतात, बरेचसे बाहेर निसटतात, आणि जिथे घासले तिथेच उजेडाचे कडे उमटते. म्हणजे प्रकाश कुठे दिसावा हे ठरवण्याचे काम पॉलिश पेपर करतो. एलईडीचा घुमटही याच पद्धतीने मॅट करता येतो. अरुंद झोताचा एलईडी घासला की त्याचा प्रकाश पसरट होतो आणि पात्यांवर पडणारा डाग मऊ होतो. एक टप्पा घासून, दिवा लावून पाहून मगच पुढचा घ्यावा, कारण घासलेले पुन्हा पहिल्यासारखे गुळगुळीत करायला बरेच कष्ट पडतात.

पात्यांना रंग देण्याबद्दल मी सावध आहे. एखाद्या पात्याच्या टोकाजवळ, आसापासून ५० मिलीमीटरवर, रंगाचा ०.१ ग्रॅम जास्तीचा थर बसला असे समजा. मिनिटाला १२०० फेऱ्यांना तो थर बेअरिंगला ८ ग्रॅम वजनाइतक्या बलाने बाहेर ओढतो आणि २००० फेऱ्यांना हेच बल २२ ग्रॅमच्या पुढे जाते, तेही प्रत्येक फेरीत दिशा बदलत. कॅबिनेटच्या पत्र्यातून येणारी गुणगुण बऱ्याचदा यातूनच उगवते. रंग द्यायचाच असेल तर पाती आडवी ठेवून, अगदी पातळ थरांत, सर्व पात्यांवर सारखा फवारावा आणि वाटीच्या आतल्या चुंबकावर तो जाऊ देऊ नये.

नव्या पंख्यांत फारकतीचे काम निर्मात्यानेच केलेले असते. चार तारांच्या पंख्यात मोटरला पूर्ण १२ व्होल्ट सतत मिळतात आणि वेगाची आज्ञा चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५,००० ठोक्यांनी येते. प्रत्येक ठोका किती रुंद आहे यावरून वेग ठरतो. दिव्यांची जोडणी वेगळी असते आणि तिचे दोन प्रकार कधीही मिसळू नयेत. १२ व्होल्टच्या चार पिनांच्या जोडणीत सगळे एलईडी एकदम एकाच रंगाचे होतात. ५ व्होल्टच्या तीन पिनांच्या जोडणीत प्रत्येक एलईडीला स्वतःचा रंग देता येतो. डब्ल्यूएस२८१२बी या प्रचलित प्रकारात प्रत्येक एलईडीच्या पोटात एक छोटी चिप असते. आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट ती स्वतःसाठी ठेवते आणि उरलेले पुढच्याला देते. आठ बिट लाल, आठ हिरवा, आठ निळा, असे मिळून १,६७,७७,२१६ रंग होतात. पूर्ण पांढऱ्यावर असा एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो, तेव्हा १६ एलईडींच्या कड्याला जवळपास १ अँपिअर लागतो. हे कडे चुकून १२ व्होल्टला जोडले गेले तर त्यातले काहीही वाचवता येत नाही.

दिव्यांची तीव्रताही ठोक्यांनीच कमी-जास्त केली जाते आणि त्यातून फिरत्या पंख्यात एक चमत्कारिक दृश्य दिसते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर एखाद्या जागेवरून सेकंदाला १४० पाती जातात. त्याच वेळी दिवाही सेकंदाला बरोबर १४० वेळा लुकलुकत असेल, तर प्रत्येक लुकलुकीच्या क्षणी प्रत्येक जागी पुढचे पाते येऊन पोहोचलेले असते आणि सगळा पंखा जागच्या जागी थिजलेला दिसतो. दिवा किंचित जलद लुकलुकला तर पाते पोहोचण्याआधीच उजेड पडतो आणि पाती सावकाश उलट्या दिशेने सरकताना दिसतात. सेकंदाला २८० लुकलुकींना तर सातऐवजी चौदा पाती मोजता येतात. दिव्यांचा स्वतंत्र स्विच आणि मंदक (उजेड ठोक्यांनी कमी-जास्त करणारा भाग) बसवल्यावर वेग हळूहळू बदलून हे दृश्य मुद्दाम शोधावे, इतके ते पाहण्यासारखे आहे. मात्र अशा उजेडात पाती थांबलेली दिसली तरी बोट आत घालू नये. पंखा फिरतो आहे की नाही, हे जाळीबाहेर तळहात धरून वाऱ्यावरूनच पाहावे.