लो-कोडवर धंद्याचे ॲप कसे उभे राहते

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : जॉबवर्क चलनाच्या उदाहरणासह

काम सुरू करण्यापूर्वी हे पत्रक एकदा सावकाश वाचावे, अशी विनंती आहे. लहान आणि मध्यम कारखान्यांसाठी आम्ही लो-कोड प्लॅटफॉर्मवर ॲप्स बांधतो. पहिल्या भेटीत बहुतेक वेळा स्क्रीनबद्दल बोलणे होते: बटण कुठे हवे, मोबाइलवर कसे दिसेल, लोगो कुठे येईल. हे सगळे नंतर अर्ध्या दिवसात बदलता येते. मात्र कोणत्या गोष्टीची नोंद ठेवायची, ती कोण बदलू शकतो आणि कधी पक्की होते, हे चुकले की पुढे सगळेच उसवावे लागते. आणि ते आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त चांगले माहीत असते.

लो-कोड म्हणजे काय

धंद्याच्या कुठल्याही ॲपमध्ये काही भाग ठरलेले असतात. माहिती भरायचा फॉर्म, ती साठवणारे टेबल, यादी, शोध, लॉगिन, कोणाला काय दिसावे याचे नियम, प्रिंट, ईमेल, रिपोर्ट. पूर्वी प्रोग्रामर यातली प्रत्येक गोष्ट हाताने लिहीत असे. लो-कोड प्लॅटफॉर्मवर हे भाग तयार मिळतात. आपण फक्त आपल्या नोंदीत कोणते रकाने आहेत आणि त्यांचे नियम काय, ते सांगायचे. जिथे तुमच्या धंद्याचा खास नियम येतो तिथेच थोडा कोड लिहावा लागतो. कोडला अजिबात जागा नसलेल्या प्लॅटफॉर्मला नो-कोड म्हणतात. साध्या हजेरीला किंवा तक्रार नोंदवायला तो पुरतो; उत्पादन आणि स्टॉकचा हिशोब आला की लवकरच तोकडा पडतो.

कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसने १९९२ मध्येच टेबल आणि फॉर्म एकत्र टेबलावर आणून ठेवले होते. ‘लो-कोड’ हे नाव २०१४ पासून रुळले. आज चेन्नईच्या झोहोचे क्रिएटर, मायक्रोसॉफ्टचे पॉवर ॲप्स, गूगलचे ॲपशीट असे बरेच पर्याय आहेत. आम्ही काम करतो ते फ्रॅपे फ्रेमवर्कवर. ते मुंबईच्या कंपनीने तयार केलेले आहे आणि ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभे आहे. त्याचा कोड खुला आहे, त्यामुळे दर वापरकर्त्यामागे परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. सर्व्हरचा आणि देखभालीचा खर्च मात्र येतोच. ‘फुकट’ असे कोणी सांगितले तर त्याला हे दोन आकडे विचारा.

उदाहरण : बाहेर गेलेला माल

मूळ कल्पना समजावून घ्यायला आम्ही जॉबवर्क, म्हणजे आपल्या मालावरचे काम बाहेरच्याकडून करून घेणे, निवडले आहे, कारण जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरिंग युनिटमध्ये ते असते आणि जवळजवळ सगळीकडे ते वहीत किंवा एक्सेलमध्ये असते. कच्चा किंवा अर्धवट तयार माल प्लेटिंगला, हार्डनिंगला, मशीनिंगला जातो. काही दिवसांनी थोडाथोडा परत येतो.

यात कायद्याचीही बाजू आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला कर न भरता पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. यंत्रसामग्रीसारख्या भांडवली मालाला तीन वर्षे मिळतात. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना यातली कोणतीच मुदत लागू नाही. आयुक्त मुदत वाढवून देऊ शकतात. मुदत उलटली, तर ज्या दिवशी माल पाठवला त्या दिवशीच तो विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह अंगावर येतो. म्हणजे ‘कोणाकडे किती माल किती दिवसांपासून पडून आहे’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दिवशी मिळाले पाहिजे. वहीतून ते मिळते, पण कोणाला तरी पूर्ण दुपार त्यावर घालवावी लागते.

नोंदीचा प्रकार : डॉकटाईप

फ्रॅपेमध्ये प्रत्येक प्रकारच्या नोंदीला डॉकटाईप म्हणतात. ‘पार्टी’ हा एक डॉकटाईप, ‘आयटम’ दुसरा, ‘जॉबवर्क चलन’ (बाहेर जाणाऱ्या मालासोबतचा कागद) तिसरा, ‘परत आवक’ चौथा. डॉकटाईपमध्ये रकाने लिहून सेव्ह केले की डेटाबेसमधले टेबल, भरायचा फॉर्म आणि यादी ही तिन्ही एकदमच तयार होतात. म्हणूनच आम्ही पहिल्याच आठवड्यात चालता नमुना दाखवू शकतो.

इथे सगळ्यात मोलाचा प्रश्न एकच: एक नोंद म्हणजे एक काय? एक चलन ही एक नोंद, हे सगळ्यांना पटते. पण एका चलनावर पाच प्रकारचे पार्ट असतात. एक्सेलमध्ये मग पाच ओळी होतात, आणि पाचही ओळींत पार्टीचे नाव, तारीख, गाडी नंबर पुन्हा पुन्हा येतो. ॲपमध्ये चलनाचे डोके एकदाच भरायचे आणि पार्टच्या ओळी त्याच्या पोटात एका छोट्या टेबलात ठेवायच्या. याला चाइल्ड टेबल म्हणतात. ही एक गोष्ट नीट कळली की निम्मे काम झाले असे समजा.

दुसरी गोष्ट, लिंक. चलनावर पार्टीचे नाव टाइप करायचे नसते. पार्टीच्या यादीतून निवडायचे असते. एक्सेलमध्ये एकाच प्लेटरची नावे तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात: कुठे ‘इंडस्ट्रीज’ पूर्ण, कुठे ‘इंड.’, कुठे नुसते मालकाचे आडनाव. मग एकाच पार्टीची बाकी तीन ठिकाणी विभागली जाते. लिंक असली आणि यादीत पार्टी एकदाच असली की हे होऊच शकत नाही, आणि पार्टीचा पत्ता व जीएसटी नंबर चलनावर आपोआप येतो. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. तो रकाना आम्ही ‘युनिक’ ठेवतो, म्हणजे तोच नंबर घेऊन दुसरी पार्टी उघडताच ॲप अडवते. पण सक्तीचा ठेवत नाही, कारण घरातल्या शेडमध्ये डीबरिंग (पार्टच्या धारदार कडा काढणे) करणाऱ्या माणसाकडे जीएसटी नंबर नसतो आणि तोही तुमचा जॉबवर्करच आहे.

तिसरी, क्रमांक. जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे चलनाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि क्रमाने असावा. ॲप तो स्वतः देते. आम्ही त्यात आर्थिक वर्ष आणि चार आकडे धरतो आणि शेवटी दोन अक्षरांची जागा मोकळी ठेवतो. का, ते पुढे येईलच.

बाकी कोणी लिहायची नसते

समजा, शाफ्टचे २०० नग प्लेटिंगला गेले. आठवड्याने १२० आले, नंतर ७६ आले, चार नग प्लेटरकडेच रिजेक्ट झाले. बाकी शून्य. वहीत ही बाकी कोणीतरी हाताने खोडून लिहितो. ॲपमध्ये ‘बाकी’ नावाचा भरायचा रकाना असता कामा नये. पाठवलेले, परत आलेले आणि रिजेक्ट झालेले एवढ्याच घटना नोंदवायच्या. बाकी त्यांतून निघते. एखाद्या स्टोअरकीपरने आग्रह धरला की मला बाकी सुधारता यायला हवी, तर त्याला खरे तर न नोंदवलेली एखादी आवक सांगायची असते. ती आवक नोंदवायची सोय करून द्यावी, बाकी उघडून देऊ नये. या बाबतीत आम्ही ठाम असतो.

इथेच तुमच्या धंद्याच्या खाचाखोचा निघतात आणि त्यासाठी आम्हाला तुमच्या शॉप फ्लोअरवर यावेच लागते. माल नगाने जातो आणि प्लेटर बिल किलोने करतो. कास्टिंग मशीनिंगला किलोने जाते आणि परत येताना हलके होऊन येते. मधला फरक बर, म्हणजे धातूचा कीस, म्हणून पडतो. तो बर कोणाचा, परत येतो की तिथेच विकला जातो? २०० पाठवले आणि २०१ आले तर? (येतात, मागच्या लॉटमधला नग असतो.) या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही प्लॅटफॉर्ममध्ये तयार नसतात. ती मिळाली की एकेका नियमाला थोड्या ओळींची स्क्रिप्ट पुरते. लो-कोडमधला कोड तो हाच.

मुदतीचेही तसेच. वर्ष मोजायचे ते माल तुमच्या गेटबाहेर पडल्यापासून. पण सप्लायरने माल थेट जॉबवर्करकडे उतरवला असेल, तर त्याला मिळाल्या तारखेपासून. म्हणून चलनाची तारीख आणि मुदत सुरू होण्याची तारीख असे दोन वेगळे रकाने लागतात. नियम वाचला नाही तर एकच ठेवला जातो आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

कच्चे, पक्के, रद्द

कागदावर सही झाली की चलन पक्के होते. फ्रॅपेमध्ये नोंदीच्या तीन अवस्था असतात: ड्राफ्ट, सबमिट आणि कॅन्सल. ड्राफ्टमध्ये हवे ते बदला. सबमिट झाल्यावर आकडे गोठतात. चूक निघाली तर चलन रद्द करून त्याची सुधारित प्रत काढायची. तिला जुन्याच क्रमांकापुढे ‘-१’ लागतो. वर दोन अक्षरे मोकळी ठेवली ती याचसाठी. आणि ज्या चलनावर आवक पक्की झाली आहे ते थेट रद्दच होत नाही, आधी ती आवक रद्द करावी लागते. सुरुवातीला लोकांना हे जाचक वाटते. हिशोब जुळत नाही तेव्हा मात्र याच बंधनामुळे चूक नेमकी कुठे झाली ते सापडते.

कोणी, कधी, कोणता रकाना बदलला याचा इतिहासही चालू ठेवता येतो. कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी बदलांची नोंद असणे सक्तीचे आहे. जॉबवर्कचे ॲप हे काही हिशोबाचे सॉफ्टवेअर नाही, तरी आम्ही ती सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवतो.

कोणाला काय दिसावे

परवानग्या माणसाला न देता भूमिकेला द्याव्यात. स्टोअरकीपर चलन बनवू शकतो, सबमिट करू शकतो, रद्द करू शकत नाही. गेटवरचा माणूस फक्त आवक भरतो. जॉबवर्कचा दर अकाउंट्स आणि मालकालाच दिसतो. एकाच फॉर्ममधला ठरावीक रकाना इतरांपासून झाकता येतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे लॉगिन बंद करायचे, नव्याला तीच भूमिका द्यायची. एकच पासवर्ड चौघांनी वापरायची पद्धत असेल तर ती आधी सोडावी लागेल, नाहीतर वरच्या इतिहासाला काहीच अर्थ उरत नाही.

आठवण आणि रिपोर्ट

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी मालकाला ईमेल जावा, ही सोय कोडशिवाय होते: तारखेचा रकाना निवडा, दिवस भरा, कोणाला पाठवायचे ते सांगा. पार्टीनिहाय बाकी आणि आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या आणि परत आलेल्या मालाचा जीएसटीतला फॉर्म) साठी लागणारी माहिती रिपोर्टमधून निघते. हा तपशील उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहामाही आणि नसेल तर वार्षिक भरायचा असतो. रिपोर्ट आम्ही देऊ. तो भरण्यापूर्वी तुमच्या सीएंनी पाहावा.

कुठे लो-कोड नको

तुमचे अकाउंट्स टॅलीत नीट चालले असतील तर ते पुन्हा बांधायला सांगू नका. मशीनमधून दर सेकंदाला येणारी रीडिंग्ज साठवायची असतील तर त्याला वेगळी साधने आहेत. आणि ईआरपीनेक्स्टमध्ये सबकॉन्ट्रॅक्टिंगचा, म्हणजे अशाच बाहेरच्या कामाचा, तयार भाग आहे. तो तुम्हाला जसाच्या तसा चालत असेल तर तोच घ्यावा, असे आम्ही स्वतःहून सांगू. आमचे काम कमी होते, पण तुमचे ॲप दहा वर्षे टिकायचे असेल तर त्यात गरजेपेक्षा एकही ओळ जास्त नसलेली बरी.

कोणाकडूनही काम करून घ्या, करारापूर्वी दोन गोष्टी लेखी मागा: सगळा डेटा हवा तेव्हा, आपला आपण, पूर्ण बाहेर काढता येईल का, आणि रोजचा बॅकअप कोणाच्या ताब्यात राहील. आमच्याकडे सर्व्हरचे खाते तुमच्या नावावर असते आणि त्याचा मुख्य पासवर्ड तुमच्याकडे. आमच्याशी पटले नाही तर दुसऱ्या कोणाला तरी काम देता आले पाहिजे.

पहिल्या भेटीला येताना

मागच्या तीन महिन्यांची चलन बुके, चुरगळलेली आणि खोडलेली पानेही, तशीच आणा. नवीन छापून आणू नका. प्लेटरची आणि मशीनिंगवाल्यांची एकेक-दोन बिले सोबत असू द्या. एक्सेल असेल तर त्याची प्रत काढून द्या, पण स्वच्छ करत बसू नका. पार्ट्यांची यादी मात्र तुमच्याच माणसाने एकदा वाचून, दुबार नावांवर खूण करून ठेवावी. ते आम्हाला ओळखता येत नाही. आणि रोज चलन लिहिणारी व्यक्ती भेटीला हवीच. मालक नसले तरी एक वेळ चालेल, ती व्यक्ती नसेल तर आपण भेट पुढे ढकलू.