रिक्वेस्ट आली कशी आणि मागते काय

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, "सर्व्हरवर एजॅक्स रिक्वेस्ट ओळखायची कशी?" (एजॅक्स म्हणजे पान न बदलता जावास्क्रिप्टने मागच्या मागे सर्व्हरकडे केलेली मागणी.) आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा कुणीतरी तीच जुनी ओळ चिकटवून मोकळा होतो: एक्स-रिक्वेस्टेड-विथ हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी चिठ्ठी) बघ, त्यात एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट असेल तर एजॅक्स. विचारणारा खूश, सांगणारा खूश. भोगतो तो सहा महिन्यांनी तो कोड हातात घेणारा.

एजॅक्सबद्दल याहून जास्त इथे सांगत बसत नाही. एक्सएचआर (म्हणजेच एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट) आणि फेच या अशी रिक्वेस्ट पाठवायच्या ब्राउझरमधल्या जुन्या-नव्या सोयी; त्यांतला फरकही सोडून देऊ. सर्व्हरच्या लेखी दोन्ही साध्या एचटीटीपी रिक्वेस्ट. पान थांबून राहिलं की मागच्या मागे काम झालं, ही ब्राउझरच्या घरातली गोष्ट; तारेवरून जे येतं त्यात तिचा मागमूस नसतो.

मग तो हेडर येतो कुठून? ब्राउझर तो स्वतःहून लावत नाही. प्रोटोटाइप, जेक्वेरी अशा जावास्क्रिप्ट लायब्ररींनी पाडलेली ती प्रथा. जेक्वेरीसुद्धा तो फक्त आपल्याच डोमेनवरच्या रिक्वेस्टला लावते, परक्या डोमेनला नाही. फेच तर कधीच लावत नाही, तुम्ही हाताने लिहिलात तरच. म्हणूनच जँगोने (पायथनमधली वेब-चौकट) आपलं ‘इज-एजॅक्स’ 2020 मध्ये 3.1 आवृत्तीत मोडीत काढायला घेतलं आणि 4.0 मध्ये काढूनच टाकलं. कारणही सरळ दिलं: ही खूण जेक्वेरीच्या पद्धतीवर बेतलेली, आणि लोक आता फेच वापरतात. तरी आजही नव्या प्रोजेक्टमध्ये ते फंक्शन हाताने परत लिहिलेलं सापडतं. मला ते बघून चीड येते.

पण हेडर बेभरवशाचा आहे हे दुखणं वरवरचं. खरी गल्लत प्रश्नातच आहे. ‘ही रिक्वेस्ट आली कशी?’ हा एक प्रश्न, आणि ‘तिला उत्तर कोणत्या रूपात हवंय?’ हा दुसरा. लोक पहिला विचारतात आणि त्याचं उत्तर दुसऱ्याला लावतात.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कच्या रस्त्यावर सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी उभं राहून बघा. कुणी गाडीवरून येतो, कुणी पायी, कुणी ऑफिसच्या पोऱ्याला पाठवतो. ठेलेवाला गाडी बघून तर्री ओतत नाही. तो विचारतो, "तर्री कमी की जास्त?" आपण मात्र कोडमध्ये गाडी बघून ओततो: एजॅक्स आहे ना, मग जेसन (कोडला वाचायला सोपी, कंसांत मांडलेली माहिती).

एचटीएमएक्स ही लायब्ररी घ्या. त्याची प्रत्येक रिक्वेस्ट एजॅक्सच असते, पण तिला हवा असतो एचटीएमएलचा तुकडा. तिच्या हातात जेसन ठेवलात तर ती ते तसंच्या तसं पानात नेऊन चिकटवेल. उलट मोबाइल अ‍ॅप किंवा कर्लची (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाची) स्क्रिप्ट: तिथे ब्राउझरच नाही, म्हणजे एजॅक्सचा प्रश्नच नाही, तरी जेसन हवंच आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं नेहमी जुळतात असं समजणाऱ्याला ही दोन उदाहरणं पुरावीत.

काय हवंय, हे सांगायला अ‍ॅक्सेप्ट हेडर आहे. पान उघडताना ब्राउझर त्यात टेक्स्ट/एचटीएमएल पुढे ठेवतो. फेच मात्र आपणहून ‘*/*’ पाठवतो, म्हणजे ‘जे असेल ते द्या’. त्यावरून सर्व्हरने काय ओळखायचं? त्यामुळे माझा घरचा नियम असा: फेच लिहिलं की अ‍ॅक्सेप्टमध्ये अ‍ॅप्लिकेशन/जेसन लिहायचंच. लारावेल या पीएचपीच्या वेब-चौकटीतलं ‘एक्सपेक्ट्स-जेसन’ जेसनची मागणी आहे का ते बघतं. किंवा एक्स-रिक्वेस्टेड-विथ असून ‘काहीही चालेल’ म्हटलंय का, तेही चालतं. फेचने दोन्ही गाळलं की लारावेल त्याला साधं पान समजतो. (अ‍ॅक्सेप्टच्या जागी कंटेंट-टाइप तपासणाऱ्यांबद्दल एवढंच: कंटेंट-टाइप हे तुम्ही काय पाठवलं ते, काय मागितलं ते नव्हे.)

आता पहिल्या प्रश्नाला जागाच नाही असं नाही. तो कुठे लागतो ते मला एका दुपारी कळलं. एका मंगल कार्यालयाचं बुकिंगचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. काउंटरवरच्या काकूंचा फोन आला, "अहो, कॅलेंडरच्या आत लॉगिनचं पान उघडून राहिलं." खरंच, जिथे तारखा दिसायच्या त्या चौकटीत आख्खं लॉगिनचं पान, लोगोसकट. आमच्या पोराने आदल्या आठवड्यात जेक्वेरी काढून फेच बसवलं होतं. सर्व्हरचा नियम होता: सेशन (लॉगिनची मुदत) संपलं आणि रिक्वेस्ट एजॅक्स असेल तर 401 (‘आधी लॉगिन करा’) द्या, नाहीतर लॉगिनकडे रीडायरेक्ट करा. फेचला तो हेडर नाही, म्हणून सर्व्हरने 302 (‘तिकडे जा’) दिला. फेच गुपचूप त्या 302 च्या मागे गेला, लॉगिनचं पान घेऊन 200 (‘सगळं ठीक’) सकट परत आला, आणि आमच्या कोडने ते निमूटपणे चौकटीत ओतलं. जेसनची वाट बघणाऱ्या दुसऱ्या एका पडद्यावर हाच प्रकार ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ म्हणून दिसत होता. तो ‘<’ म्हणजे लॉगिनच्या पानाचंच पहिलं अक्षर. पोरगा म्हणाला, "दादा, माझ्या मशीनवर तर बरोबर चालून राहिलं न!" चालणारच. तो दर दहा मिनिटांनी नव्याने लॉगिन करत होता. काकू मात्र जेवून परत आल्या होत्या.

रीडायरेक्ट करायचं की 401 द्यायचं, हा प्रश्न खरोखरच ‘आली कशी’चा आहे. त्याला आता ब्राउझरच उत्तर देतो, सेक-फेच-मोड या हेडरमधून. माणूस पानावर जात असेल, लिंकवर टिचकी मारून किंवा फॉर्म भरून, तर त्यात ‘नॅव्हिगेट’ असतं. फेच किंवा एक्सएचआर असेल तर सहसा ‘कोर्स’ (cors), आणि सेक-फेच-डेस्टमध्ये ‘एम्प्टी’. ‘सेक-’ने सुरू होणारे हेडर पानातल्या जावास्क्रिप्टला लावता वा बदलता येत नाहीत, म्हणून लायब्ररी कोणतीही असो, फरक पडत नाही. सफारी मागे राहिली होती, तिने 2023 मध्ये 16.4 आवृत्तीपासून ते द्यायला सुरुवात केली. एक खाचखळगा: हे एचटीटीपीएसवर आणि लोकलहोस्टवर (आपल्याच मशीनवर) येतात, ऑफिसातल्या साध्या 192.168 च्या पत्त्यावर एचटीटीपीने उघडलं की गायब. हेडर नसेल तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा.

एक्स-रिक्वेस्टेड-विथ हेडरचं नुसतं अस्तित्व तपासून, त्यातली किंमत न बघता, ‘एजॅक्स आहे’ म्हणणारे आणखी एक. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूने (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) वर्षानुवर्षं याच एक्स-रिक्वेस्टेड-विथमध्ये अ‍ॅपचं पॅकेजनाव पाठवलंय, साधं पान उघडतानासुद्धा. अशा अ‍ॅपमधून आलेल्या माणसाला पानाऐवजी कोरं जेसन दिसतं. आणि या हेडरला ‘सिक्युरिटी’ म्हणणाऱ्यांना हात जोडतो. परक्या साइटवरून तो लावायला गेलं की ब्राउझर आधी सर्व्हरची परवानगी विचारतो, एवढा आडोसा खरा. पण कर्लवाल्याला तो लावायला एक ओळ पुरते.

एकाच यूआरएलवर कधी पान, कधी जेसन द्यायचं असेल तर उत्तरात व्हॅरी हेडरमध्ये अ‍ॅक्सेप्ट लिहा. नाहीतर कॅश (आधीची उत्तरं साठवून ठेवणारी जागा) एकाचं उत्तर दुसऱ्याला देईल. ‘मागे’ दाबल्यावर पानाच्या जागी कंसांचा ढीग दिसतो तो यातूनच. मला तर एका यूआरएलला दोन रूपं देणंच पटत नाही.

काकूंच्या कॅलेंडरचंही शेवटी तेच केलं. तारखा आणणारा पत्ता वेगळा काढला. तिथे सेशन संपलं की नेहमी 401, समोरून कुणीही येवो. पानांचे पत्ते पानांचे, तिथे रीडायरेक्ट. आणि ‘इज-एजॅक्स’ची ती ओळ मी पोराच्याच हाताने खोडायला लावली.