शिरांतील गुठळी आणि घराण्याचा वारसा

ऐरोली-महापे पट्ट्यात दिवसभर बसून काम करणाऱ्या पस्तिशीतील माणसाची एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर दोष बैठ्या कामाला दिला जातो. पुष्कळदा तो रास्तही असतो. पण शस्त्रक्रिया, प्लास्टर असे ठळक निमित्त नसताना कमी वयात शिरेत गुठळी झाली आणि सख्ख्या नात्यात आणखी कोणाला तसाच त्रास झालेला असला, तर कारण जनुकांतही असू शकते.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना आवर घालणारी प्रथिनेही शरीरातच असतात. अँटिथ्रॉम्बिन हे त्यांपैकी एक; त्याची आनुवंशिक कमतरता १९६५ मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबात प्रथम नोंदवली गेली. प्रोटीन सी हे प्रोटीन एसच्या साहाय्याने गोठण-घटक पाच आणि आठ यांचे तुकडे करून त्यांना निष्क्रिय करते. घटक पाचच्या साखळीत ५०६ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, की नेमक्या त्या जागी प्रोटीन सीला तो तोडता येत नाही आणि गोठण्याची क्रिया वेळेवर थांबत नाही. हा बदल १९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहरात ओळखला गेला, म्हणून त्याला ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ म्हणतात. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत तो आढळतो. आपल्याकडे त्याचे प्रमाण बरेच कमी आहे, आणि १९९६ मध्ये सापडलेला प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील बदल तर भारतीयांत फारच विरळा. त्यामुळे या दोन बदलांच्या तपासणीचे अहवाल निर्दोष आले, तरी आनुवंशिक कारण नाहीच असे मानणे चूक ठरते.

सदोष जनुकाची एक प्रत असलेल्या आईकडून वा वडिलांकडून ती प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तरीही लायडन बदलाची एकच प्रत असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर गुठळी होत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे किंवा अंथरुणाला खिळवणारे आजारपण यांची जोड मिळाली, की धोका झपाट्याने वाढतो.

ठाण्यात काय किंवा वाशीत काय, या तपासण्यांसाठी रक्त देणे आता सोपे झाले आहे. अवघड आहे ते योग्य वेळ साधणे, आणि याची चर्चा फार कमी होते याची मला खंत वाटते. ताज्या गुठळीत गोठण्याला आवर घालणारी ही प्रथिने खर्ची पडतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी हेपारिनने अँटिथ्रॉम्बिन उतरते, वॉरफरिनने प्रोटीन सी आणि एस दोन्ही घटतात, तर गरोदरपणात प्रोटीन एस एरवीही कमीच असते. अशा वेळच्या आकड्यावरून जन्मजात दोषाचा शिक्का बसला, तर तो चुकीचा असू शकतो. जनुकांची तपासणी मात्र यांपैकी कशानेही बदलत नाही. प्रथिनांची मोजणी कधी करायची हे रक्तविकारतज्ज्ञाने ठरवावे, आणि तपासणीसाठी रक्त पातळ करणारे औषध रुग्णाने परस्पर बंद करू नये.

कुटुंबाचा इतिहास कोणत्याही अहवालाइतकाच मोलाचा असतो. आत्याला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती का, काका धाप लागून अचानक गेले ते फुप्फुसात गुठळी अडकल्याने का, हे मुलीने गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सांगितले पाहिजे.