काळ्या पट्ट्या असू द्या
आईने महात्मा गांधी रोडवरून नवा फोन घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, "अरे, एवढी लांब काच आहे, मग भजन मधेच का दिसतं? दोन्हीकडे काळं!"

मी फूटपट्टी लावली. आडव्या धरलेल्या फोनचा पडदा 15 सेंटीमीटर, व्हिडिओ 12. फोनमध्ये काही बिघाड नव्हता. पडदा 20:9 या आकाराचा, म्हणजे रुंदी 20 भाग तर उंची 9, आणि व्हिडिओ 16:9 चा, त्यामुळे पाचवा हिस्सा रिकामा राहणारच.

हे 16:9 मुळात तडजोडीतून आलं. जुना टीव्ही 4:3, म्हणजे उंचीच्या 1.33 पट रुंद. सिनेमाचा रुंद पडदा 2.35 पट. 1980च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने दोन्हींना सामावणारी चौकट सुचवली, 1.77 पट रुंद. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे मूकपट जवळपास 4:3 चे; आईच्या फोनवर ते जेमतेम 9 सेंटीमीटर रुंद दिसतील.

2017च्या सुमारास फोन उंच होऊ लागले, कारण तळहातात मावायची रुंदी वाढवता येत नाही. इंच मात्र कर्णावर मोजतात. म्हणून 6.5 इंची 20:9 पडद्याचं क्षेत्रफळ त्याच इंचांच्या 16:9 पडद्यापेक्षा सुमारे 12 टक्के कमी भरतं. घेताना हे कोणी सांगत नाही, सांगायला हवं.

आईने दोन बोटांनी चित्र ताणलं. पडदा भरला, पण वरचा दहावा आणि खालचा दहावा भाग कापला गेला, आणि अभंगाच्या ओळी नेमक्या खालीच येत होत्या! मला विचाराल तर काळ्या पट्ट्या बऱ्या. त्यांत चित्र तरी अख्खं राहतं.

अ‍ॅपचं वेगळं. त्यातली बटणं आणि अक्षरं जागेप्रमाणे नव्याने मांडता येतात. पडद्यात समोरच्या कॅमेऱ्यासाठी कापलेली खाच कुठे आहे हे अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे 2018 पासून, फोनच अ‍ॅपला सांगतो. अ‍ॅप बनवणाऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही, तर बटण खाचेखाली दडतं. घडीचा फोन उघडला की पडदा चौरसाच्या जवळ जातो. पूर्ण चौरसात 16:9 व्हिडिओ 56 टक्केच जागा घेतो.

रामकुंडावरची गोदाआरती आईने उभ्या फोनने टिपली होती. टीव्हीवर लावली तर पडद्याचा तिसरा हिस्सासुद्धा भरला नाही. "पुढच्या वेळी आडवा धरते," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "पण मग भावजींना फोनवर पाठवल्यावर लहान दिसेल ना?"

दिसेल. त्यांनी फोन आडवा केला तरच मोठी दिसेल.