न गाळलेली कॉफी आणि कोलेस्टेरॉल

कागदातून किंवा कापडातून न जाता थेट कपात येणारी कॉफी म्हणजे न गाळलेली कॉफी. पातेल्यात उकळून ओतलेली, तुर्की पद्धतीची, काचेच्या भांड्यात दट्ट्याने पूड खाली दाबून केलेली फ्रेंच प्रेस, हे सगळे प्रकार यात येतात. चहाच्या स्टीलच्या गाळणीतून ओतलेली कॉफीही याच वर्गातली, कारण ती जाळी चोथा अडवते, तेल अडवत नाही. आणि कोलेस्टेरॉलचा सगळा प्रश्न त्या तेलाचाच आहे.

कॉफीच्या बीत तेल असते हे सोलापूरकराला पटवून द्यावे लागू नये. भाजलेले शेंगदाणे उखळात कुटत गेले की चटणीला तेल सुटते, बोटांना लागते. अराबिका जातीच्या कच्च्या बीत सुमारे १५ टक्के तेल असते, रोबस्टात १० टक्क्यांच्या आसपास. बी भाजून दळली आणि तिच्यावर उकळते पाणी पडले की यातले थोडे तेल पाण्यात उतरते. दूध घालण्याआधीची कोरी कॉफी वाटीत ओतून उजेडात तिरकी धरावी. पृष्ठभागावर बारीक, चकचकीत थेंब तरंगताना दिसतात. या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही दोन द्रव्ये असतात. रसायनशास्त्रात त्यांना डायटर्पीन म्हणतात. कोलेस्टेरॉल वाढवण्यात मोठा वाटा कॅफेस्टॉलचा. कॅफिनचा यात हात नाही, म्हणून कॅफिन काढलेली कॉफी उकळून प्यायली तरी हा परिणाम टळत नाही.

हा संबंध प्रथम ठळकपणे दिसला तो नॉर्वेत. तिथल्या ट्रोम्सो शहरातल्या लोकांच्या तपासणीतून १९८३ मध्ये असे पुढे आले की जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉलही जास्त आहे. इतर देशांत मात्र तसे आढळेना. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या भागांत तेव्हा कॉफी उकळून पिण्याची चाल होती, हे त्याचे उत्तर निघाले. पुढे नेदरलँड्सच्या संशोधकांनी उकळलेल्या कॉफीतला स्निग्ध भाग वेगळा काढून माणसांना दिला, तेव्हा कोलेस्टेरॉल चढले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका प्रयोगात ४६ निरोगी माणसांपैकी काहींना फ्रेंच प्रेसची आणि काहींना कागदातून गाळलेली कॉफी रोज पाच-सहा कप, अशी २४ आठवडे दिली. फ्रेंच प्रेसवाल्यांचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, ९ ते १४ टक्क्यांनी वाढले. कॉफी थांबवल्यावर ते उतरले. साधारण हिशेब असा की रोज १० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल पोटात गेले तर रक्तातले कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅमने वाढते.

हे घडते कसे? यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्ताम्ले तयार करते, आणि शरीरातले कोलेस्टेरॉल खर्ची पडण्याची ती एक मोठी वाट आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की कॅफेस्टॉल आतड्यातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला चेतवते. ही ग्राही एरवी पित्ताम्लांची पातळी ओळखते. पित्त पुरेसे आहे असा निरोप मग यकृताकडे जातो, यकृत उत्पादन आवरते आणि खर्चाची वाट अरुंद होते. निरोप खोटा असतो, पण यकृताला ते कळण्याची सोय नाही.

सोलापुरात चहाच मोठा. तरी मराठी, कन्नड, तेलुगू घरे शेजारी शेजारी असलेल्या आणि मुंबई-चेन्नई लोहमार्गावरच्या या शहरात कॉफीही एका तऱ्हेची नाही, आणि तऱ्हेगणिक हिशेब बदलतो. दुधात जायफळ घालून केलेल्या इन्स्टंट कॉफीत कॅफेस्टॉल जवळपास नसतेच. उडुपी हॉटेलातली फिल्टर कॉफी नावाने फिल्टर असली तरी तिचा फिल्टर म्हणजे पितळेचा किंवा स्टीलचा भोकांचा डबा. त्यात कागद नसतो. मात्र दाबून बसवलेला पुडीचा थर स्वतःच बरेचसे तेल धरून ठेवतो, शिवाय कपात डिकॉक्शन थोडे आणि दूध जास्त. त्यामुळे तिला उकळलेल्या कॉफीच्या पंक्तीला बसवणे मला बरोबर वाटत नाही. चिकोरी मिसळलेल्या पुडीत मुळात कॉफीच कमी. खरी काळजी करावी अशी कॉफी म्हणजे शुद्ध पूड पातेल्यात खळाखळा उकळून, वरून नुसती गाळणी धरून ओतलेली, आणि दिवसातून चार-पाचदा घेतलेली. साईच्या दुधातल्या स्निग्धांशाचा हिशेब याहून निराळा आणि तोही मांडायला हवाच.

चादरी आणि टॉवेलांच्या या गावाला सर्वांत जवळचा वाटेल असा निष्कर्ष २०२५ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी मांडला. उकळलेल्या कॉफीत लिटरमागे ९३९ मिलिग्रॅम कॅफेस्टॉल आढळले. तीच कॉफी कापडातून गाळली तेव्हा ते २८ वर आले. कागदातून गाळलेल्या कॉफीत ते १२ होते. म्हणजे महागडे यंत्र नको की आयात केलेला कागद नको. घट्ट विणीचे स्वच्छ सुती फडके पातेल्यावर बांधून कॉफी ओतली तरी बहुतेक कॅफेस्टॉल चोथ्याबरोबर मागे राहते. टर्किश टॉवेलाचे कापड मात्र यासाठी चालणार नाही. फडके दर वेळी गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवावे, नाहीतर त्यात मुरलेले तेल खवट होते आणि तो वास कॉफीला लागतो.

रक्ततपासणीत एलडीएल जास्त निघाले की घरात तेल-तुपाची चर्चा होते, अंड्याची होते. कॉफी कशी करता हे सहसा कुणी विचारत नाही. रोज उकळलेली कॉफी पिणाऱ्याने ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. पद्धत बदलल्यावर फरक काही आठवड्यांत दिसू लागतो, तेव्हा पुढची तपासणी त्या बेताने करावी; चालू गोळ्या मात्र कॉफी बदलली म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.