माध्यम-प्रभाव अभ्यास (ग्रामीण विदर्भ)

वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाइल आणि कानोकानी फिरणारी खबर यांमुळे माणसांची मते, निर्णय आणि वागणूक कशी घडते, याचा शोध घेणारी समाजविज्ञानाची शाखा. ग्रामीण विदर्भात या अभ्यासाला सर्वाधिक खाद्य पुरवले आहे ते कापसाने. बियाणे, फवारणी, भाव आणि कर्ज या चारही गोष्टी माहितीवर चालतात आणि माहिती चुकली तर किंमत कास्तकाराला मोजावी लागते.

शाखेचा पाया अमेरिकेत घातला गेला. 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतील मतदारांचा अभ्यास करताना पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की बातमी थेट मनावर ठसण्यापेक्षा ओळखीच्या जाणत्या माणसामार्फत जास्त पटते. 1943 मध्ये रायन आणि ग्रॉस यांनी आयोवातील संकरित मक्याच्या प्रसाराबद्दल असेच काही मांडले: बियाण्याची पहिली खबर विक्रेत्याकडून मिळते, पेरायचे धाडस मात्र शेजाऱ्याचे शेत पाहून येते. महाराष्ट्रात 1956 साली आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे चालवली. नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्यांच्या ज्ञानात अधिक भर पडते, हे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मूल्यमापनात दिसले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने या प्रयोगाबाहेर राहिला.

विदर्भातला जाणता माणूस बहुतेक वेळा कृषी केंद्राच्या काउंटरमागे बसलेला असतो. पऱ्हाटीची म्हणजे कापसाच्या झाडाची कीड लागलेली दोन-चार पाने घेऊन कास्तकार येतो, दुकानदार ती उलटीपालटी करून पाहतो आणि डबा काढून देतो. माल पुष्कळदा उधारीवर, पैसे कापूस विकल्यावर. सल्ला देणारा, औषध विकणारा आणि उधार देणारा असा एकच माणूस असतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2003 च्या पाहणीत देशातील 13.1 टक्के शेतकरी कुटुंबांनी निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रेत्याकडून शेतीतंत्राची माहिती घेतली होती, तर शेतीचा सल्ला देणाऱ्या सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून फक्त 5.7 टक्के कुटुंबांनी.

या साखळीचे भयंकर रूप 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात दिसले. फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबतचे माहितीपत्रक बारीक अक्षरांत आणि अनेक भाषांत असते. पण पाठीवर पंप घेणारा बहुधा मजूर असतो. तो दुकानात जात नाही आणि ते पत्रक त्याच्या हाती क्वचितच पडते. ही घटना जितकी कृषिशास्त्राची, तितकीच संज्ञापनशास्त्राची, म्हणजे माहिती कशी पोचते याच्या अभ्यासाची आहे आणि त्याच गांभीर्याने ती शिकवली गेली पाहिजे.

माहिती पोचली म्हणजे फायदा झाला, हा समजही संशोधनात टिकलेला नाही. फाफशाँ आणि मिंटेन यांनी महाराष्ट्रातील 100 गावांत शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामानाचे मोबाइल संदेश मोफत देऊन पाहिले (2012 मध्ये प्रसिद्ध). शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरीने लक्षणीय फरक पडला नाही. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावातच माल घेतो तिथे, ज्याच्या उधारीत आहे त्यालाच कापूस घालणाऱ्या माणसाला भाव माहीत असून काय उपयोग, हे विदर्भात कोणीही सांगेल.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची रात्रभर रंगणारी नाटके, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आणि गाडगे महाराजांची कीर्तने ही लोकमाध्यमेही याच अभ्यासाचा विषय आहेत.

अभ्यासाचा दुसरा मोठा धागा बातमीच्या निवडीचा आहे. काय विचार करावा हे माध्यमे फारसे ठरवू शकत नाहीत, पण कशाबद्दल करावा हे ठरवतात, अशा आशयाचा विषयसूची-सिद्धांत मॅकॉम्ब्स आणि शॉ यांनी 1972 मध्ये तपासून मांडला. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले, की 2006 मध्ये मुंबईच्या फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक पत्रकार होते आणि कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांसाठी विदर्भात बाहेरून आलेले मोजकेच. त्याच वर्षी 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पश्चिम विदर्भातील पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. येथे संशोधकापुढे खरा पेच उभा राहतो. बातमी छापली नाही तर सरकार हलत नाही. आत्महत्येची बातमी भडक छापली तर अनुकरणाचा धोका असतो, असे डेव्हिड फिलिप्स यांनी 1974 मध्येच दाखवले होते. भारतीय प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धतीचे वर्णन टाळून कर्ज, पीक आणि भाव यांवर बातमी नेणे हाच त्यातला माणुसकीचा मार्ग आहे.

बातमी आली तरी ती कोणत्या चौकटीत आली, हे खैरलांजी प्रकरणात पाहता येते. भंडारा जिल्ह्यातील या गावी 29 सप्टेंबर 2006 रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांनी तिला अनैतिक संबंधांचा रंग दिला. जातीय अत्याचार म्हणून ती ठळकपणे पुढे यायला सुमारे महिना गेला; तोवर तथ्यशोधन अहवाल, छायाचित्रे आणि मोबाइल संदेश आंबेडकरी वस्त्यांतून फिरत होते आणि नोव्हेंबरमध्ये विदर्भातील शहरे रस्त्यावर उतरली. 2008 मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली. दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही.